दहावी खूण

४ मार्च

पोचले. बस वेळेवर आली, त्यामुळे मला घ्यायला येणारी भाची आपोआप उशिरा ठरली आणि मुक्कामाचा पहिला डाव मी जिंकला. जीपमधून उडी मारता मारताच तिने जाहीर केलं की शास्त्रीबाई, बस चुकून वेळेवर आली असणार, त्यात तुमचं कर्तृत्व शून्य.

भाची म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक लेक. घरात तिला सगळे खार म्हणतात, कारण पाळण्यात असल्यापासून ती एका जागी ठरलेली कोणी पाहिलेली नाही. बसली की गुडघा हलतो, गुडघा दाबून धरला की बोटं टेबलावर वाजतात, बोटं धरली की तोंड सुरू होतं. जमीन मोजणारी झाली हे उत्तमच झालं. दिवसभर भटकायचा पगार मिळतो. मी उमेदीची वर्षं संस्कृत शिकण्यात घालवली आणि मग पोटासाठी बातमीदार झाले, म्हणून मी तिची शास्त्रीबाई. मावशी ही हाक ती फक्त काही मागायचं असेल तेव्हा वापरते.

इथं येण्याचं निमित्त असं. या पाणथळ अभयारण्याचा वरून नकाशा काढायला एक ड्रोन विकत घ्यायचा आहे. तीन प्रकारचे ड्रोन चाचणीसाठी आले आहेत. त्यांतला कोणता घ्यावा याची शिफारस मी लिहायची. मला ड्रोनमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी वनखात्याच्या मुख्यालयाला प्रामाणिकपणे कळवलं होतं. उत्तर आलं की गेल्या वेळचा अहवाल जाणकार माणसाने लिहिला होता आणि तो कोणालाच कळला नाही, तेव्हा यंदा उलट करून बघू. अज्ञानाला इतका मान मिळालेला मी प्रथमच पाहिला.

राहायला दोन खोल्यांचं घर आहे, खारीचंच. पुढे अंगण, त्यात लोखंडी टेबल आणि तीन खुर्च्या. कुंपणापलीकडे माणसाहून उंच पाणकणीस, थेट क्षितिजापर्यंत. नकाशासाठी सध्या पाणी उतरवलं आहे, त्यामुळे खाली सगळा काळा चिखल. महिनाअखेरीस पाण्याची दारं उघडून सगळं परत भरून घेणार. वारा सुटला की सगळं पाणकणीस एकदम मान डोलावतं. एवढ्या एकमताने मान डोलावणारे श्रोते मला जन्मात मिळाले नाहीत.

५ मार्च

आज तिन्ही उमेदवारांची ओळख झाली. त्यांची कारखान्यातली नावं आकडे आणि अक्षरांची आहेत, तोंडात बसत नाहीत. म्हणून मी त्यांचं यथासांग बारसं केलं.

पहिला लहान, चार पंख्यांचा. हळू आणि खालून उडतो, गुणगुणतो, गवताचं पातं न् पातं दाखवतो, पण थोडा मुलूख फिरला की दमून खाली येतो. तो भ्रमर. दुसरा लांब पंखांचा, विमानासारखा. हाताने भिरकावायचा, मग तो खूप उंचावरून एका दमात सगळं अभयारण्य पालथं घालतो, मात्र बारकावे त्याच्या नजरेला पडत नाहीत. तो श्येन, म्हणजे ससाणा. तिसरा सरळ वर उठतो आणि मग विमानासारखा पुढे जातो. दोघांचे गुण असल्याचा त्याचा दावा आहे. तो उभयचर. खार म्हणाली, नावं ठेवायची खोड आमच्या घराण्यातच आहे. तरी तिन्ही खोक्यांवर चिठ्ठ्या लिहून तिनेच चिकटवल्या.

उडवणारा एक उमदा, बडबड्या गडी आहे. निळा अंगरखा, निळी टोपी. सगळे त्याला कप्तान म्हणतात. खारीचं आणि त्याचं दिवसभर वाजतं आणि दोघांनाही त्यावाचून करमत नाही.

इथले प्रमुख ते साहेब. चिखलाच्या मुलखात राहून पांढरा, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट. आवाज चढत नाही, पाऊल वाजत नाही. मी मनातल्या मनात त्यांना स्थितप्रज्ञ करून टाकलं. कप्तान म्हणतो, पूर्वी महातापट होते, फायली भिरकावायचे, सगळे चळाचळा कापायचे. गेल्या उन्हाळ्यात एकटेच पाणथळीत फेरी मारायला गेले आणि आले ते असे शांत होऊन. निसर्गाचा परिणाम, म्हणे. मी म्हटलं, आमच्या संपादकांना पाठवायला हवं एकदा.

७ मार्च

नकाशाचं तंत्र कप्तानाने आज समजावलं. माझ्या शब्दांत असं: शेत नांगरावं तसा ड्रोन आकाशात उभ्या-आडव्या फेऱ्या मारतो आणि सारखे फोटो काढत जातो. जमिनीचा प्रत्येक तुकडा अनेक फोटोंत येतो. मग संगणक ते सगळे फोटो एकमेकांवर चढवून एकच मोठं चित्र शिवतो. जे प्रत्येक फोटोत जागच्या जागी दिसतं ते राहतं. जे हललं ते पुसलं जातं. म्हणून नकाशात झाडं दिसतात, उडते बगळे दिसत नाहीत. चालती माणसंही गळून जातात. खार म्हणाली, मी तर कुठल्याच नकाशात यायची नाही. कप्तान म्हणाला, तेवढीच नकाशाची शोभा राहते.

हे चित्र जमिनीशी नीट जुळावं म्हणून ठिकठिकाणी पांढऱ्या कापडाच्या, अधिक चिन्हाच्या आकाराच्या खुणा खिळ्यांनी ठोकतात. त्यांच्या जागा अचूक मोजलेल्या असतात. खारीने अशा नऊ खुणा ठोकल्या आहेत. उड्डाणं भर दुपारी, कारण तेव्हा सावल्या सर्वांत लहान असतात.

उभयचर आज वाऱ्यात भेलकांडला आणि कुंपणावर जाऊन बसला. पंख मोडला. सामना आता भ्रमर आणि श्येन यांच्यात.

८ मार्च

भ्रमराचा पहिला नकाशा तयार झाला. देखणा. चिखलातल्या पक्ष्यांच्या पावलांचे ठसेसुद्धा दिसतात. फक्त एक भानगड झाली: खुणा दहा निघाल्या.

दहावी खूण पाणकणसाच्या ऐन मध्यात. पांढरी, चार हातांची, इतर खुणांपेक्षा जरा आखूड. कप्तानाने खारीची यथेच्छ फिरकी घेतली. म्हणाला, मोजणीवाल्यांना दहापर्यंत येत नाही हे ऐकून होतो, आज पुरावा मिळाला. खार उसळली. नऊच ठोकल्यात, दहावी तुझ्या बापाने ठोकली असेल, म्हणाली.

गंमत बाजूला, पण जादा खूण राहिली तर संगणक तिलाही खरी धरतो आणि सगळा नकाशा वाकडा होतो. म्हणून ती दिसली की कोणीतरी जाऊन उपटून आणायची, हा इथला शिरस्ता. साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, तर मग आणा काढून. इतक्या मऊ आवाजात, की जणू फुलं आणायला सांगत होते.

खारीने आपलं नारिंगी जाकीट चढवलं आणि निघाली. मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, शास्त्रीबाई, चिखलात तुमचा एखादा समास फसला तर बाहेर कोण काढणार? आणि पाणकणसात शिरली. थोडा वेळ कणसं हलताना दिसत होती.

चहाच्या आधी परत आली. म्हणाली, तिथे काहीच नव्हतं.

१० मार्च

खार माझ्या विनोदांना हसते आहे.

हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण गेली वीस-पंचवीस वर्षं माझ्या प्रत्येक विनोदावर तिने नाक मुरडलेलं आहे. तो आमच्यातला करारच आहे. परवापासून मी काहीही म्हटलं की ती थांबते, वाक्य पूर्ण होऊ देते, आणि हसते. मध्येच तोडत नाही. भांड्यातून थेट खात नाही, ताट घेते. गुडघा हलतो, नाही असं नाही, पण शिवणयंत्रासारखा एका लयीत, आणि मी खोलीबाहेर पाऊल टाकलं की आवाज बंद.

मला ती मावशी म्हणते. काहीही न मागता.

दुपारी ताईचा फोन आला. आनंदाने गहिवरली होती. लेकीने स्वतःहून फोन केला, म्हणे, आणि तासभर शांतपणे बोलली. एकदाही ‘ठेवते गं’ म्हणाली नाही. अखेर मोठी झाली गं पोर, म्हणाली ताई. मी हो म्हटलं.

कामाच्या दगदगीने माणूस बदलतो. मी उगाच शंका काढत बसले आहे. बातमीदाराची खोड.

१२ मार्च

आज श्येन उडाला. अभयारण्य या टोकापासून त्या टोकापर्यंत एका खेपेत. नकाशा स्वच्छ. खुणा नऊ, त्यासुद्धा टिंबासारख्या. पाणकणसाचा मधला भाग म्हणजे नुसता हिरवट-करडा गालिचा.

साहेब बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग पहिल्यांदाच हसले. म्हणाले, हाच बरा. जंगलाकडे फार जवळून बघू नये, त्याला आवडत नाही. वाक्य चांगलं आहे, एरवी मी टिपून घेतलं असतं. माझ्या शिफारशीत श्येनाचंच नाव असावं अशी त्यांची इच्छा आहे. खारीचीही. जेवताना ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली: मावशी, उंच उडणारा घे. मावशी, खालचं काय बघायचंय?

हीच मुलगी आठवड्यापूर्वी भ्रमरावर जीव ओवाळून टाकत होती.

१३ मार्च

तुलना पुरी व्हावी म्हणून मी भ्रमराचं आणखी एक उड्डाण मागितलं. साहेबांनी नकार दिला नाही.

नकाशा आला. खुणा अकरा.

दहावी होती तिथेच. तिच्याशेजारी, हाताच्या अंतरावर, अकरावी. नारिंगी.

कप्तान म्हणाला, वेंधळी पोरगी जाकीट टाकून आली वाटतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खार अंगणात उभी होती. जाकीट तिच्या अंगात होतं.

संध्याकाळ — कप्तानाने कॅमेरा तपासायला म्हणून भ्रमर आमच्या अंगणावर उडवला होता. मी आणि खार टेबलाशी चहा घेत होतो. ते फोटो मी आत्ता पाहिले. शिवलेला नकाशा नव्हे, सुटे फोटो. सुट्या फोटोत काहीही पुसलं जात नाही. उडता बगळासुद्धा पंखांसकट येतो.

फोटोत अंगण आहे. टेबल आहे. दोन कप आहेत. मी आहे, हसून काहीतरी सांगते आहे.

समोरची खुर्ची रिकामी आहे.

एका फोटोत नव्हे. सगळ्या फोटोंत. मी रिकाम्या खुर्चीकडे बघून हसते आहे.

१४ मार्च

खारीच्या आधी उठून घराबाहेर पडले. कप्तानाला फोटो दाखवले. आधी तो खो खो हसला, मग एकेक करून पाहिले, मग टोपी काढून खाली बसला. त्याने कॅमेऱ्यात दोष आहे का ते तपासलं. दोष नव्हता. मग भ्रमर बाहेर काढला.

दुपारी तो त्या जागेवर नेला आणि खाली, अगदी कणसांच्या शेंड्यांपर्यंत उतरवला. पंख्यांच्या वाऱ्याने कणसं बाजूला झाली. पडद्यावर चिखल दिसला. चिखलात दोन माणसं उताणी पडली होती, पाय जुळवलेले, दोन्ही हात बाजूंना ताणून पसरलेले.

नारिंगी जाकिटातली माझी खार होती. डोळे उघडे. छाती वर-खाली होत होती. आणि उजव्या हाताची बोटं — तेवढीच — चिखलावर वाजत होती. भरभर, वेडीवाकडी, कुठल्याही लयीविना. जगात असं बोटं वाजवणारी एकच पोरगी आहे.

दुसरा पांढऱ्या शर्टातला. वर्षभराच्या चिखलाने शर्ट खालून काळा पडला होता, वरून अजून पांढरा. चेहरा साहेबांचा. तोंड उघडून ओरडत होता. आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओरडत होता. कप्तान पूर्वी सांगायचा तसा, तापट.

आणि साहेब आमच्या मागे उभे होते. कधी आले कळलं नाही. त्यांनी पडद्यावरचा स्वतःचा चेहरा शांतपणे पाहिला. म्हणाले, चिखलावर उजेड पडला की असे भास होतात. मग म्हणाले, मुख्यालयाला सांगून पाण्याची दारं रविवारीच उघडून घेतो. म्हणजे भास संपतील.

रविवार. आज गुरुवार.

१५ मार्च

कप्तान गेला.

मी नको म्हटलं. हात धरला. म्हणाला, बाई, जिवंत माणूस चिखलात पडलंय आणि मी टोपी सांभाळत बसू? त्यातून ती पोरगी. तिच्याशिवाय भांडायचं कोणाशी? दोर घेतला. भ्रमर आपल्या डोक्यावर थांबून राहील असा लावून दिला आणि पडदा माझ्या हातात दिला. मी बघायचं आणि फोनवर सांगायचं.

तो पोचला. फोनवर म्हणाला, इथे काहीच नाहीये. पडद्यावर त्याचा बूट तिच्या हाताला लागून होता. मी ओरडले, डावीकडे, पायाशी, खाली वाक. तो वाकला. चाचपलं. म्हणाला, अरे — लागतंय काहीतरी — ऊबदार आहे —

मग दचकून हात मागे घेतला. सरळ झाला.

म्हणाला, नाही. काही नाही. येतो परत.

कणसांतून तो चालत येताना मला दिसला. डोळ्यांनी. निळी टोपी, दोराची गुंडाळी करत, सावकाश.

पडद्यावर तो अजून तिथेच होता. गुडघ्यांवर बसलेला. कोणी तरी अदृश्य माणसाने धरून उघडावेत तसे त्याचे हात बाजूंना उघडत होते. मग तो उताणा झाला.

अंगणात येऊन मला म्हणाला, मावशी, चहा घेऊया का?

तो मला कधीच मावशी म्हणत नव्हता.

१५ मार्च, नंतर

दार लावून बसले आहे. शिफारस लिहिली. आयुष्यात एवढा साधा मजकूर लिहिला नव्हता. भ्रमर घ्या. खालून उडवा. रोज उडवा. तीन माणसं चिखलात जिवंत आहेत, फोटो सोबत आहेत. पाणी सोडू नका. चाचपायला गेलेला माणूस तसाच परत येत नाही, म्हणून कोणालाही एकटं पाठवू नका.

पाठवलं.

बाहेर तिघं टेबलाशी बसली आहेत. बोलत नाहीत. खिडकीकडे बघतही नाहीत. तिघांचेही गुडघे एकाच लयीत हलताहेत.

१६ मार्च

मुख्यालयाचं उत्तर आलं. अहवाल अत्यंत सुबोध, म्हणे. भ्रमर मंजूर. बारकावे फारच उत्तम आले आहेत. मजकुरात लेखनाच्या ओघात थोडी अतिशयोक्ती झालेली दिसते, पण जादा खुणांमुळे नकाशा वाकडा होतो हा मुद्दा मान्य. पाणी तूर्त सोडणार नाही. खुणा काढायला उद्या दोन माणसं पाठवत आहोत.

खुणा काढायला.

फोन केला. साहेबांशी बोलणं झालंय, म्हणाले. तुम्ही विश्रांती घ्या, म्हणाले. दोघंही तरुण आहेत, चिखलाची सवय आहे, काळजी नको.

ताईचा फोन. खार आज पुन्हा तिच्याशी तासभर बोलली. सुट्टीत घरी येते म्हणाली. ताई पडदे धुवायला काढणार आहे.

मी ताईला काय सांगू? तुझी लेक चिखलात आहे आणि जी येते आहे ती —

नाही सांगितलं.

१६ मार्च, दुपार

भ्रमर मीच उडवला. बटण दाबलं की जातो. कप्तानाने शिकवलं होतं, तो होता तेव्हा.

तिघं. पांढरा, नारिंगी, निळा.

कप्तानाची मान खारीकडे वळलेली आहे. ओठ हलताहेत. काहीतरी टोमणा मारत असणार. ती हसत होती का — नीट दिसलं नाही. हसत होती असंच धरते.

एक गोष्ट ध्यानात आली. कप्तानाने हात लावला होता. ऊब लागली होती. मग त्याने सोडला. सोडल्यावरच ते —

सोडला नसता तर?

यात तर्क किती आणि आशा किती, मला माहीत नाही. पण आणखी दोघं जण कापड उपटायला म्हणून तिथे जाण्याआधी कोणी तरी — माहीत असलेल्या कोणी तरी — जायला हवं.

१७ मार्च

उजाडलं. गाडी दुपारपर्यंत येणार.

तिघं अंगणात. मी निघाले तर अडवलं नाही. ती म्हणाली, जा मावशी, ये जाऊन. हसली. माझ्या विनोदाची वाटही न बघता.

पायवाटेवर लिहिते आहे. पेन्सिल, वही, गळ्यात पडदा. भ्रमर डोक्यावर, माझ्यामागून येतोय. कणसं उंच. वारा नाही, तरी मान डोलावताहेत.

१७ मार्च

इथे काही नाही. डोळ्यांना काही नाही. चिखल सपाट, एक ओरखडा नाही.

पडद्यावर — माझ्या पायाशी.

गुडघ्यांवर बसले. पडद्यात बघून हात नेला. लागला. ऊबदार. बोटं. घट्ट पकडलं तिने — तिने, मी नव्हे, आधी तिने.

डाव्या हाताने धरलंय. उजव्याने लिहिते आहे, पडदा मांडीवर. ओढलं. जड. पडद्यावर खांदा जरा उचलला. खरंच उचलला. पुन्हा ओढते. मान उचलली. बघते आहे माझ्याकडे. तोंड हलतंय. ऐकू नाही — पुन्हा —

कणसांत आवाज. पायांचा. माझ्याकडून दूर जाणारा.

वर बघितलं. पायवाटेवर एक बाई. पाठमोरी. माझी चाल, माझी शाल. घाई नाही तिला. ताईशी बोलेल. छान बोलेल.

सोडून धावले तर गाठता येईल अजून. अंतर फार नाही.

नाही सोडणार.

बसली आहे ती. पडद्यावर अर्धी बसली आहे. चिखल सुटतोय तिच्या पाठीचा. अजून थोडं. खारे, जोर लाव. उठलीस की मागे बघू नकोस, कप्तानाचा हात धर, सोडू नकोस, मग दोघं मिळून साहेबां —

माझा उजवा हात. कोणीतरी मनगट — ओढतंय बाजूला — वही पोचत ना